आत्याबाईंचा ‘ह’

प्रिय आत्याबाई,

परवा भाद्रपदातली पौर्णिमा. अमरावतीला तुमच्या गल्लीत भुलाबाई बसणार आणि तुमची बारा गाणी वाजणार. हो, बारा. आपण दोघींनी मिळून अकराच भरली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. बारावं कुठून आलं ते सांगायलाच शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न ठेवता, लिहायला बसले आहे. नितीनला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “बरं झालं.” तुमचाच मुलगा, त्याच्या वाट्याचे शब्दही तुम्हीच वापरून टाकलेत, त्याला काय उरणार?

शिवाय तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे. तुम्ही मला फसवलंत. चांगलं सात-आठ महिने फसवलंत आणि जाताना एका शब्दानं सांगून गेला नाहीत. असं करतात का सुनेशी?

मी नवी नवरी म्हणून पुण्याहून आले तेव्हा तुम्हाला ‘आई’ म्हणाले होते, आठवतं? तुम्ही ताबडतोब थांबवलंत. “आई तर तुले पुण्याले हाय. इथं सासूले आत्याबाई म्हंतात अन् सासऱ्याले मामाजी.” म्हणजे या घरात पहिली दुरुस्ती तुम्ही माझी केलीत, मी तुमची नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे माझी लाज निघणार आहे.

पुण्याकडे पोरींचा भोंडला, तशी वऱ्हाडात महिनाभर भुलाबाई, आणि तिची गाणी घरोघरी आहेत. पण दर वर्षी एक नवं गाणं रचणारी बाई आमच्याच घरात होती. मूर्तिजापूरला बंद पडलेल्या एसटीवर गाणं, नळाला पाणी न येण्यावर गाणं, भातकुलीच्या तुमच्या माहेरावर तर तीन. आणि एक माझ्यावर.

सून आली पुण्याची, लय गुनाची बाई,
गोड केलं वरन, मीठ टाकलं नाई.

महिनाभर गल्लीतल्या पोरी माझ्याच अंगणात, माझ्याच तोंडावर हे म्हणत होत्या. दोन दिवस मी फुगून बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की एकही मात्रा इकडची तिकडे नाही, आणि मग रागवणं अवघड झालं. मीठ मी टाकलं होतं, हे मात्र आजही सांगते.

तुमचा आवाज भरून ठेवायचं माझ्या डोक्यात कसं आलं? शाळेमुळे. नितीन आणि मी अकोल्याला राहायला आलो, तिथल्या माझ्या शाळेत मुलांसाठी कवितांचं वाचन रेकॉर्ड करायचं होतं. मराठीची बाई म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी एक साधा माइक घेतला, लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि सुट्टीत अमरावतीला आले की तेच घेऊन बसायला लागले. तुम्ही भाजी निवडता निवडता विचारलंत, “हे काय करून राहिली?”

“मास्टरिंग.”

“मास्तरीण?”

“मास्टरिंग, आत्याबाई. भरलेल्या आवाजावर शेवटचा हात फिरवायचा. कुठं घुमत असेल तर कमी करायचं, कुठं दबला असेल तर उचलायचं.”

“म्हंजे मास्तरीणच की. ते तर तू लगन झाल्यापासून करून राहिली.”

त्या दिवसापासून आपल्या घरात त्या कामाला मास्टरिंग कुणी म्हटलंच नाही. “जेवाले चाल वं, तुही मास्तरीण राहू दे बाजूले,” अशी तुम्ही हाक मारायच्या. नितीनसुद्धा फोनवर विचारायचा, मास्तरीण झाली का आज?

मग तो गेल्या वर्षीचा मे महिना. अमरावतीचा मे, आणि माझी अट अशी की कूलर बंद. मधल्या खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या केल्या, दारांवर गोधड्या टांगल्या. मामाजींना ओसरीवर पाठवलं, ते दर दुसऱ्या कडव्याला तिथून बरोब्बर खोकले. तुम्ही डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायच्या आणि गाणं संपलं की पहिला शब्द यायचा, “लाव बाप्पा आता कूलर.” गल्लीतल्या दोघी-तिघी पोरी कोरसला. त्या घामानं चिंब, तुम्ही चिंब, मी चिंब. तरी काय मजा आली होती. आठ दिवसांत अकरा गाणी झाली.

आता लाजेची गोष्ट.

भातकुलीचं गाणं चालू होतं. “आमी गेलो बाई भातकुलीले, झाडाखाली बसलो सावलीले.” मी मध्येच हात वर केला आणि रेकॉर्डिंग थांबवलं. “आत्याबाई, ‘आमी’ नाही. ‘आम्ही’. हे कायमचं राहणार आहे. पोरी हेच ऐकून शिकतील.” पोरींसमोर बोलले मी हे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पदर सारखा केलात. म्हणालात, “बरं बाई. लाव परत.” तुम्ही परत म्हटलंत, मला ‘आम्ही’ ऐकू आलं, आणि मी तुम्हाला काय म्हणाले? “शाब्बास.” सहासष्ट वर्षांच्या बाईला, सहावीतल्या मुलीला म्हणावं तसं.

त्या दिवाळीत मी माइक घेऊन आले तर तुम्ही बसलाच नाहीत. “नाही वं, गया बसला.” मी काढा करू का विचारलं, तर नको. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी नको. त्या वर्षी पहिल्यांदाच पोरींना नवं गाणं मिळालं नव्हतं, तेही मला त्याच वेळी कळलं. आणि मग पौषात तुम्ही गेलात, दोन दिवसांच्या आजारानं, कुणाला फार धावपळ न करू देता.

मी मनाशी ठरवूनच टाकलं की तो गळा मी बसवला. जन्मभर बिनधास्त गाणारी बाई मी एका अक्षरावरून गप्प केली. हे मी कुणाला सांगितलं नाही, नितीनलाही नाही. शाळेत मुलांच्या वह्यांत ‘आमी’ दिसलं की लाल पेन उचलायचे आणि हात तिथेच थांबायचा. तुमच्या गाण्यांची फाइल तर मी उघडायचीच बंद केली होती.

यंदा उन्हाळ्यात अमरावतीहून फोन आला. गल्लीतल्या एका पोरीची आई बोलत होती. “वहिनी, आजीची गाणी भरली होती ना तुमी? पाठवून द्या. पोरी म्हंतात, आजी नाही तर औंदा भुलाबाई बसवाचीच नाही.” म्हणजे तुमच्यामागे गल्लीतली भुलाबाईच बंद व्हायची वेळ आली होती. मी हो म्हटलं. मामाजी तोवर आमच्याकडे अकोल्याला आले होते. दुपारी ते पंख्याखाली पडायचे आणि मी पलीकडच्या टेबलावर तुमची मास्तरीण काढून बसायचे.

तुम्ही एकदा विचारलं होतं की त्या पडद्यावर रेघ कसली. तेव्हा मी घाईत काहीतरी सांगितलं, आज नीट सांगते. त्याला इक्वलायझर म्हणतात. पडद्यावर एक आडवी रेघ असते. तिच्या डाव्या टोकाला जाड आवाज, उजव्या टोकाला बारीक. शंभर हर्ट्झच्या आसपास कूलरची, मोटारीची घरघर बसते. अडीचशेला बाईमाणसाच्या आवाजातली ऊब. तीन हजारांपाशी शब्द स्पष्ट होतात. सात-आठ हजारांवर स, श आणि बांगड्या. रेघ जिथं खाली ओढाल तिथला आवाज कमी, जिथं उचलाल तिथला जास्त. तुमची अकरा गाणी अकरा तऱ्हेची होती, कारण रोज तुम्ही वेगळ्या जागी बसायच्या. एक ढोलासारखं, एक डब्यातून आल्यासारखं. त्या सगळ्यांना एका पंगतीला बसवायचं, एवढंच ते काम.

ते मी सरळ केलं असतं तर पंधरा दिवसांत झालं असतं. पण मी ‘ह’ शोधायला बसले.

भातकुलीच्या गाण्यात मला ‘आम्ही’मधला ‘ह’ ऐकूच येईना. त्या दिवशी तर मी कानांनी ऐकला होता! मला वाटलं, साधा माइक, त्यात राहून गेला असेल. आणि मला तो हवाच होता. तुमचा सगळा आवाज बंद करून मी बदल्यात एक ‘ह’ मिळवला होता. तो तरी धड ऐकू यायला नको का? नाहीतर मी हे केलं कशासाठी?

पुण्याला माझी एक मैत्रीण हेच काम करते. तिला गाणं पाठवलं. ती म्हणाली, “उच्चार दबलाय. वरचं उचल, आवाजात हवा आण. खालचं कापून टाक, फार जाड आहे.” मी दहा हजारांच्या पुढे रेघ उचलली. ‘ह’ आला नाही. तुमच्या बांगड्या आल्या. आणखी उचलली. शेजारच्या कुकरची शिट्टी आली. आणखी थोडी उचलली, तर ओसरीवरून मामाजींचा खोकला असा खणखणीत आला की मी मागे वळून पाहिलं. सगळी अमरावती आली, ‘ह’ तेवढा आला नाही. ‘ह’ म्हणजे तरी काय, नुसता श्वास. मी म्हटलं, दडून बसला असेल. मग खालून कापायला लागले. अडीचशेपाशी कापलं, चारशेपाशी कापलं. एका शब्दासाठी सगळ्या अकरा गाण्यांवर तोच हात फिरवला. शेवटी आवाज कसा चकचकीत झाला, काचेच्या भांड्यासारखा. मी मैत्रिणीला ऐकवलं, ती म्हणाली, छान. मी खूष.

श्रावणातल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, मी मामाजींना खुर्चीत बसवलं आणि भातकुलीचं गाणं लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग मला विचारलं, “बाई कोन हाय हे?”

“मामाजी, आत्याबाई आहेत.”

“नाही,” ते म्हणाले. “रेडिओवरच्या बाईसारखी हाय कोनी. चांगली म्हंते. पन हे ते नाही.” आणि पुढं म्हणाले, “याच्यात दानाच नाही पोरी. चक्की रिकामी फिरून राहिली.”

त्यांच्या पिठाच्या गिरणीचं तुम्हाला काय सांगू? इतकी वर्षं ते पट्ट्याच्या आवाजावरून सांगायचे की आत ज्वारी आहे की गहू. दगडांमध्ये दाणा संपला की वाटीभर आधी त्यांना कळायचं. त्या माणसानं सांगितलं की या आवाजात तुम्ही नाही. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. त्या मे महिन्यात जे सुरू केलं होतं ते आता मी पुरं केलं, असं वाटलं. आधी तुम्हाला गप्प केलं, आता पुसूनही टाकलं.

मामाजी दारात येऊन उभे राहिले. “काहून रडून राहिली?”

मग मी सगळं सांगितलं. आमी, आम्ही, शाब्बास, दिवाळी, बसलेला गळा, सगळं. नळ चालूच होता, तो त्यांनी पुढे होऊन बंद केला.

“कोनता ह?” ते म्हणाले.

“आम्ही-मधला.”

“तिनं कधी म्हटला?”

“त्या दिवशी म्हटला ना, मामाजी. मी स्वतः ऐकला.”

आणि आत्याबाई, मामाजी हसायला लागले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते ओट्याला धरून हसले, खोकले, पुन्हा हसले. “अवं, जो ह तिनं जलमात म्हटला नाही, तो तू मशीनमधून काढून राहिली? त्याच दिवशी संध्याकायी मले सांगे, मास्तरनीले ह ऐकू आला म्हने. म्या म्हटलाच नाही. नुसतं तोंड मोठं केलं, मान हालवली, अन् आमीच म्हटलं. तिले ऐकू आला तर येऊ दे, पोरगी खूष झाली.”

मी तशीच ओल्या हातांनी लॅपटॉपपाशी गेले. तो शब्द ताणून पडद्याएवढा मोठा केला. म आणि ई यांच्यामध्ये काही नाही. श्वासाचं टोकसुद्धा नाही. स्वच्छ, ठणठणीत ‘आमी’.

उन्हाळ्याची अख्खी सुट्टी, आत्याबाई. सगळी सुट्टी मी नसलेल्या अक्षरामागे धावले. आणि तुम्ही माझी शाब्बासकी घेतलीत! वर पदर सारखा करून घेतलीत. मी खुर्चीत बसून इतकी हसले की नितीन बाहेरून धावत आला. त्याला वाटलं मामाजींना काही झालं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू तुम्हाला? मी तुम्हाला सुधारू शकले नव्हते. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली नापास झालेली परीक्षा.

पण एक खुपत होतंच. मी विचारलं, “मग मामाजी, दिवाळीत त्यांचा गळा कशानं बसला?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत म्हणाले, “गया नव्हता बसला. कवयी बसली नव्हती.”

कवळी! दसऱ्याआधी तुम्ही दात करून घेतलेत, ते आम्हाला माहीत होतं. ती कवळी नीट बसली नव्हती आणि प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजायची, हे मात्र तुम्ही दोघांनी मिळून लपवलंत. सगळ्या गल्लीसमोर गाणारी बाई, आणि लाजली कुणाला, तर माझ्या माइकला. मामाजी म्हणाले, “मले म्हने, तिले सांगू नका. ते शिट्टी पकडंन, अन् मंग दुरुस्त करत बसंन.” पकडलीच असती. दुरुस्तही केली असती.

हा माझ्या तक्रारीचा दुसरा भाग समजा. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की वाजू द्या. खरंच म्हटलं असतं का? माहीत नाही. बहुतेक ‘स’ नसलेलं गाणं रचा म्हणाले असते.

मग मामाजींनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. त्यांचा तो छोटा, कडेला तडा गेलेला. बराच वेळ बोटानं शोधलं आणि माझ्यासमोर धरला. तुम्ही. स्वयंपाकघरात, मागे भांड्यांचा आवाज. आणि नवं गाणं. ज्या वर्षी पोरींना मिळालं नाही, त्या वर्षीचं.

सासूनं सुनेले सांगितलं काई,
साखर संपली, सांगत नाई.

तुम्हाला दुसरा विषयच मिळाला नाही का? शिट्टी वाजते म्हटल्यावर माणूस ‘स’ टाळतो. तुम्ही एका ओळीत तीन-तीन घातलेत. पहिल्या ‘सासू’लाच शिट्टी. ‘सुनेले’ला शिट्टी. ‘साखर संपली’ला दोन. तिसऱ्या ओळीला तुम्हाला हसू फुटलं, मग मामाजींना फुटलं, फोन हलला. शेवटी तुमचा आवाज, “बंद करा ना जी, वाजून राहिली नुसती.” त्यांनी बंद केला नाही, त्यांना तो बंद करता येत नसावा. पुढे मिनिटभर तुम्ही दोघं नुसती हसता आहात.

मामाजी हे रोज ऐकत होते. दुपारी पंख्याखाली ते झोपलेले आहेत असं मला वाटायचं, तेव्हा कानाशी धरून हे ऐकत होते. त्यांना माझी चकचकीत बाई कुठून ओळखू येणार?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कामाला बसलो. मी आधी केलेलं सगळं पुसलं आणि कोऱ्या रेघेपासून सुरुवात केली. मामाजी खुर्ची ओढून शेजारी. त्यांना हर्ट्झ-बिर्ट्झ नको होतं. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, एवढं सांगितलं, तर म्हणाले, “मंग हे चक्कीच हाय की.” झालं. मी रेघ हलवायची आणि ते अंगठा बोटावर चोळत ऐकायचे, गिरणीत पीठ बघायचे तसे. “लय बारीक झालं. जरा जाड ठेव. भाकरीचं पीठ पाह्यजे, मैदा नाही.” मी अडीचशेपाशी थोडं उचलायची. “हां. आली.” ते ‘आली’ म्हणाले की मी हात काढून घ्यायची.

एवढ्या वर्षांत मी मामाजींशी जेवढं बोलले नव्हते तेवढं या महिन्यात बोलले. त्यांनी मला सांगितलं की लग्नात तुम्ही त्यांच्यावरही एक गाणं केलं होतं. ते गाणं काही केल्या म्हणून दाखवेनात. लाल झाले नुसते. काय होतं हो त्यात?

खोकला तेवढा काढ, असा त्यांचा हट्ट होता. मी म्हटलं, तुमचा खोकला त्यांच्या आवाजाच्याच जागेवर बसला आहे, तो काढला तर त्यांचाही तुकडा जाईल. खोकला आहे, चार गाण्यांत तर खणखणीत आहे, पोरी परवा हसणार आहेत.

काल संध्याकाळी अकरा गाणी पुरी झाली. भातकुलीचं लावलं. मामाजी ऐकत होते, मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि मला भीती वाटत होती, हे कबूल करते. आणि मनाशी ठरवलं होतं, आता जर त्यांनी ‘कोन हाय हे’ विचारलं तर गाणी पाठवायची नाहीत. पहिलं कडवं झालं. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला. त्यांना ते कळलंही नसावं.

मग बारावं राहिलं, फोनमधलं. ते मी लॅपटॉपवर घेतलं, भांड्यांचा दणदणाट थोडा खाली आणला. शिट्टी पडद्यावर अगदी स्पष्ट दिसत होती, सात हजारांच्या जरा पुढे, दर ‘स’ला एक टोक. मी विचारलं, “मामाजी, ही शिट्टी काढू का? एका बोटाचं काम आहे. आत्याबाईंना लाज वाटायची ना तिची.”

त्यांनी माझा हात माउसवरून बाजूला केला.

“राहू दे,” म्हणाले. “ते बी माहीच हाय.”

माही. सतरा वर्षं मी हा शब्द ऐकते आहे. ‘माझी’ला इकडे ‘माही’ म्हणतात, हे मी पहिल्याच वर्षी वहीत लिहून ठेवलं होतं. पण काल पहिल्यांदा ऐकू आलं की त्यात ‘ह’ आहे. केवढा भरलेला, आतून आलेला. तुम्ही लोक ‘आम्ही’मधून ‘ह’ काढता आणि तो टाकून देत नाही, ‘माझं’ म्हणायच्या वेळी वापरता. माहा, माही, माहं. मराठीची बाई मी, आणि मला हे कळायला मामाजींना माझा हात बाजूला करावा लागला. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. आणि लॅपटॉपमधून तुम्ही दोघं हसत होतात, ते काही थांबेना.

तर अशी ही बारा गाणी. उद्या मामाजी, नितीन आणि मी अमरावतीला निघतो आहोत. मामाजींची पिशवी कालच भरून दाराशी ठेवली आहे. पोरींनी भुलाबाई-भुलोजी आणले आहेत, आणि खाऊचा डबा पहिल्या दिवशी आमच्याकडे आहे. काय करणार ते सांगत नाही. पोरी डबा हलवून ओळखतील, तशा तुम्हीही ओळखा.

आता वचन. या महिनाभरात मी एकाही पोरीला टोकणार नाही. मध्ये बसेन, त्यांच्याबरोबर गाईन, त्या जशा म्हणतील तशी म्हणेन, आणि कुणी बोबडं, अर्धं, उलटंसुलटं काहीही म्हटलं तरी हात वर करणार नाही. हे वचन माझ्यासारखीला किती जड आहे ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? आणि पुढच्या वर्षीचं नवं गाणं मी रचणार आहे. मात्रा चुकणार नाही. बाकी काय चुकेल ते पोरी सांभाळून घेतील.

मामाजींची काळजी करू नका. दोन वेळा नीट जेवतात, पिठाला नावं ठेवतात, माझ्या वरणात मीठ आहे असं नितीनला स्वतःहून सांगतात. इकडे आमी सगळे मजेत आहोत.

तुमची सून,
वृषाली